सावलीतला पाला

असोदा, २ ऑक्टोबर २०२४

चि. मेघास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नेहमी घाईत, म्हणून लिहिते. शेवग्याच्या पाल्यात एवढं बळ असतं आणि तुमच्याकडच्या लाडूवाल्या बाई लाडवांत घालायला त्याची पावडर विकत घेतील, हे तू सांगितलंस तेव्हा हसू आलं. आम्ही शेंगा खातो, पाला शेळ्यांना घालतो. तरी शेजारच्या सुगंधाबाईसाठी मनावर घेतलं. दिवाळीनंतर ती पोरीला शाळेतून काढून गुजरातेत वीटभट्टीवर निघणार आहे. इथं कायमचं काम मिळालं तर राहीन म्हणते. आम्ही पाच जणींनी पाला गच्चीवर, पापडांसारखा कडक उन्हात वाळवला. पावडरीची पिशवी एसटीनं पाठवली आहे. तुझ्या तब्येतीचं कळव.

तुझी आत्या सुमन

धुळे, ६ ऑक्टोबर

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगते. लाडूवाल्या सुलक्षणाताईंनी पिशवी परत केली, पावडर पिवळी पडली होती. चूक माझीच. खानदेशी बाईला वाळवण काय शिकवायचं, असं वाटून मी बोललेच नाही. हा पाला सावलीत वाळवतात, नाहीतर कस जातो. त्या आणखी एकदाच बघणार आहेत. रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी मेघा

असोदा, १४ ऑक्टोबर

चि. मेघास आशीर्वाद.

दोन दिवस रागावले होते. उभा जन्म पापड-कुरडया वाळवल्या आणि पाल्यापुढे हात टेकले. पण सुगंधाबाई म्हणाली, व माय, सावली काय इकत आनावी लागते? तिनं आपली एकुलती एक खोली रिकामी केली, धुतलेल्या लुगड्यांवर पाला पसरला आणि मायलेकी माझ्या ओट्यावर राहायला आल्या. तासातासाला जाऊन पाला हलवायची. एवढी चिकाटी माझ्यात नाही. हे म्हणतात, दारात शेवगा असला की घरात भांडणं होतात. मी म्हटलं, तुम्ही असताना शेवग्यावर कशाला आळ? नवी पिशवी पाठवली आहे. जीव टांगणीला लागलाय.

तुझी आत्या

धुळे, १९ ऑक्टोबर

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

पावडर हिरवीगार आहे. सुलक्षणाताई म्हणाल्या, वर्षभर दर आठवड्याला पाठवा, पण वाळवणारी बाई हीच हवी. आहारशास्त्र मी शिकले, पण पाल्याचा कस राखला सुगंधाबाईंनी. त्यांना माझा वाकून नमस्कार सांग. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी मेघा

असोदा, २३ ऑक्टोबर

चि. मेघास आशीर्वाद.

तुझं पत्र ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. सुगंधाबाई उठली. पेटी उघडली, गुजरातेत जायचं म्हणून आधीच काढून आणलेला पोरीचा शाळेचा दाखला घेतला आणि चपला न घालताच शाळेकडे चालू लागली.

तुझी आत्या सुमन