अकराव्या स्लॅबपर्यंत

५ मार्च, मंगळवार
संध्याकाळ

ति. दादा,

नमस्कार. पत्राच्या आरंभी क्षेमकुशल विचारतात. नऊ वर्षे ते न विचारणाऱ्या माणसाने आता कोणत्या तोंडाने विचारावे, याचा विचार करण्यात तीन कागद वाया गेले. हा चौथा. तू बरा असशील असे धरून चालतो.

आम्ही तिघे ठीक आहोत. हिचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. कन्येला तिसऱ्या प्रयत्नात गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. मी अजून त्याच विमा कंपनीत, त्याच टेबलावर, दाव्यांच्या कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात की नाही ते तपासतो. कचेरीतली मंडळी मला पाठीमागे ‘शुद्धिपत्र’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

लिहिण्याचे कारण टॉवर.

तुझे टेकाड आणि आमची इमारत यांच्यामधल्या सखल भागात जुनी लाकडाची वखार होती. तिथे अठ्ठावीस मजल्यांचा टॉवर उभा राहतो आहे, हे तू पाहतच असशील. त्याच्या मागेपुढे आणखी काही उठत आहेत. आमच्या गॅलरीतून आज सात क्रेन मोजता येतात. पूर्वी इथून क्षितिज म्हणजे एक सरळ रेघ होती. आता ते दुधाचे दात पडून नवे येऊ लागलेल्या पोराच्या जबड्यासारखे दिसते. मी सकाळी चहा घेताना पाहतो, कचेरीतून आल्यावर बूट न काढता पाहतो. ही म्हणते, “बांधणाऱ्यांपेक्षा तुम्हालाच त्या टॉवरची काळजी जास्त. एक पिवळी टोपी तेवढी आणा.”

काळजीचे कारण मी तिलाही पुरते सांगितलेले नाही. आमच्या गॅलरीतून तुझी गच्ची दिसते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या. नुसत्या डोळ्यांनी अंदाज येतो. दुर्बिणीने स्पष्ट दिसते. दुर्बीण मी घेतली त्याला आठ वर्षे झाली. पक्षी पाहण्यासाठी, असे घरात सांगितले होते. पक्ष्यांपैकी मला कावळा आणि कबूतर यापलीकडे काही ओळखता येत नाही, हे तू जाणतोस.

तर हा टॉवर कोणत्या मजल्यावर आला म्हणजे तुझी गच्ची झाकली जाईल, ते मी काढले आहे. मी वाणिज्य शाखेचा, त्रिकोणमिती माझा विषय नव्हे. कन्येचे जुने पुस्तक काढून बसलो. फाटकावरच्या इंजिनिअरला विचारून मजल्याची उंची घेतली. उत्तर अकरा आले. दोनदा पडताळले. बारा दिवसांना एक स्लॅब पडतो. नववा आज झाला, दहावा सतरा तारखेला होईल, अकरावा एकोणतीसला. म्हणजे चोवीस दिवस आहेत.

एवढे मोजण्यासारखे तिथे काय आहे, असे तू विचारशील. वहिनी शेवटच्या आमच्याकडे आल्या, तो बाबांच्या आजारातला रविवार होता. गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, “अहो भाऊजी, आमची गच्ची दिसते की इथून! आता रविवारी पिवळी चादर दिसली की समजा, आमच्याकडे सगळं ठीक.” आम्ही हसलो. पुढच्या महिन्यात बाबा गेले, मग त्यांच्या शोकसभेत माझ्याकडून जे व्हायचे ते झाले आणि आपले बोलणे थांबले. मात्र रविवारी सकाळी, तिसऱ्या दोरीवर, आमच्या बाजूला, पिवळी चादर येत राहिली. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, पण आली. तुला हे त्यांनी सांगितले होते की नाही, मला कळायला मार्ग नाही. त्यांनी मला कधी फोन केला नाही, मीही केला नाही. चादर मात्र चुकली नाही.

आता परवाचे. वहिनींना जाऊन दहा महिने होत आले. त्यानंतर त्या दोरीवर तुझे दोन सदरे आणि एक पंचा, याहून काही आले नव्हते. परवा रविवारी तिथे पिवळी चादर होती. तिरकी, एका टोकाला चिमटा लावलेली, बाकीची सगळी गोळा होऊन लोंबणारी. वहिनी तशी कधी घालत नसत. तेव्हापासून माझे कशात लक्ष नाही. काल एका दाव्यावर मी मृत्यूची तारीख जन्माच्या रकान्यात तपासली आणि बरोबर म्हणून सही केली. ‘शुद्धिपत्रा’ची चूक निघाली म्हणून टेबलाटेबलावर चहा फिरला.

ती चादर तू मला दाखवायला घातलीस, की नुसती धुतलीस? पत्रातून विचारावे की समक्ष, हे ठरत नाही. अजून चोवीस दिवस आहेत. सवडीने एखाद्या रविवारी येऊन जाईन म्हणतो.

हिने जेवायला हाक मारली. उरलेले उद्या लिहितो.

८ मार्च, शुक्रवार
सकाळ

उद्या म्हणालो आणि तीन दिवस गेले. आज कचेरीत रजा कळवली आहे.

दादा, तुझी गच्ची गेली.

आज सकाळी सहाला चहा घेऊन उभा राहिलो तर समोर हिरवी जाळी. टॉवरच्या वरच्या टोकाभोवती, सगळीकडून, घट्ट. मी कपडे घालून थेट फाटकावर गेलो. इंजिनिअर म्हणाला, “साहेब, स्लॅब नववाच आहे. पण पुढच्या दोन मजल्यांच्या सळ्या वर निघतात, त्यांच्याभोवती जाळी बांधावीच लागते. माणसं पडू नयेत म्हणून.” मी स्लॅब मोजले. त्यावर उभ्या राहणाऱ्या सळ्या मोजल्या नाहीत, आणि माणसे पडतात हेही धरले नाही. एकोणतीस तारखेच्या भरवशावर मी आरामात बसलो होतो.

परत आलो. ही गॅलरीतच उभी होती. म्हणाली, “बरं झालं एका अर्थी. आता दुर्बीण ठेवा आणि पाय वापरा.” तिला सगळे ठाऊक होते. किती वर्षे, ते मी विचारले नाही.

मंगळवारी मी जे लिहिले नाही, ते आता लिहितो. चादर चुकली नाही असे लिहिले, ते खोटे आहे. गेल्या वर्षी एप्रिलअखेरपासून चार रविवार ती आली नाही. चारही मी कॅलेंडरवर फुलीने नोंदवले. वहिनींना काही झाले आहे, हे मला दुसऱ्या रविवारीच कळले होते. वीस मिनिटांचा रस्ता. मी आलो नाही. आपण काय म्हणून जायचे, दादाने बोलावले तर जाऊ, असे स्वतःशी म्हणत राहिलो. मग १८ मे, गुरुवार, सकाळी साडेसात. तुझ्या गच्चीवर माणसे. कोणी खुर्च्या उलगडत होते. तू टाकीला टेकून उभा होतास आणि तुझ्या खांद्यावर कोणाचाही हात नव्हता. दुर्बिणीतून एवढे दिसते. मी दुर्बीण कपाटात ठेवली आणि कचेरीत गेलो. त्या दिवशी मी एकेचाळीस दावे तपासले. एकही चूक केली नाही.

नवव्या दिवशी तुला फोन केला आणि म्हणालो, “दादा, मी बाहेरगावी आहे. मला आत्ताच कळलं.”

तेव्हा वखारीच्या जागेवर टॉवरचा पाया घालायचे काम चालू होते. जमिनीत खांब ठोकणारे यंत्र दिवसभर धाड धाड करत असे. आमच्या कपाटातल्या बशा वाजत. मी गॅलरीचे दार लावायला विसरलो होतो. तुझ्या खिडकीतून येणारा ठोका मला फोनमधून ऐकू येत होता, आणि लगेच माझ्या दारातून येणारा. तुलाही दोन्ही ऐकू येत असणार. मग तू विचारलेस, “तिकडेही काम चाललंय का?”

मी म्हणालो, “हो.”

“बरं. सांभाळून ये,” म्हणालास आणि फोन ठेवलास.

तू तिथेच मला पकडू शकत होतास. तुझ्या जागी मी असतो तर पकडले असते. नऊ वर्षांपूर्वी तेच केले होते. बाबांच्या शोकसभेत तू कागदावरून वाचत होतास, आवाज कापत होता, आणि मी सगळ्यांसमोर उठून तीन चुका दुरुस्त केल्या. वहिनींनी माझा हात धरून खाली ओढले, तरी तिसरी सांगूनच बसलो. मंगळवारी रात्रीचे जेवण झाल्यावर मी बाबांचे नेमणूकपत्र शोधून काढले. ते नोकरीला लागल्याचे साल तू वाचलेस तेच बरोबर आहे. तिसरी चूक माझी होती. पहिल्या दोन तुझ्या असल्या तरी त्या सांगायची ती जागा नव्हती, हे समजायला कागद लागत नव्हता.

रविवारी, परवा, सकाळी दहा वाजता मी येतो. फोन करणार नाही. फोनवर मी काय करतो ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. हे पत्र आजच हातोहात पाठवतो, म्हणजे दार उघडायचे नसेल तर विचार करायला तुला दीड दिवस मिळेल. उघडले नाहीस तर मी जिन्यात थोडा वेळ बसेन आणि जाईन. पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

चादर कोणासाठी होती, ते सांगितले नाहीस तरी चालेल. मात्र ओली चादर एकट्याला नीट झटकता येत नाही, ती अशीच गोळा होते. या रविवारी धुणार असशील तर मी येईपर्यंत बादलीत राहू दे. दुसरे टोक मी धरतो.

याच शहरात असलेला,
तेव्हाही याच शहरात असलेला,
तुझा धाकटा