होणाऱ्या जावयाने मिरवलेलं तिसरं मूळ

लष्कर, ग्वाल्हेर
पौष, सन १९३८

तीर्थस्वरूप मंदाताईस धाकट्या विजयेचा नमस्कार.

इंदूरच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? माझी खुशाली विचारशील, तर उजवा गाल सुजला आहे आणि घास डावीकडूनच जातो. ही कृपा तू शोधून दिलेल्या स्थळाची.

माझी खालची दाढ ठणकू लागली तेव्हा तूच लिहिलंस, की नया बाजारात दातांचे डॉक्टर महिपतराव असताना दुसरीकडे कशाला जायचं, आपल्या वनमालेचं लग्न त्यांच्याशी ठरतंच आहे, तेवढीच घसट वाढेल. (वाढली. माझ्या तोंडात त्यांचे दोन्ही हात असतात.) ते म्हणाले, दाढ उपटायची नाही, मुळांतली नस काढून आतून साफ करून भरायची. खालच्या दाढेला मुळं दोन, दोन्ही भरली. ठणका तसाच. पुन्हा गेले, तर हसून म्हणाले, "नस काढल्यावर दुखेल काय? निव्वळ मनाचा वहम आहे, आईसाहेब." होणाऱ्या जावयाशी वाद कसा घालायचा, म्हणून लवंग चावत घरी आले आणि उशीत तोंड खुपसून रडले. यांनीही सांगितलं, मनावर घेऊ नकोस. (यांचे सगळे दात शाबूत आहेत.)

शेवटी गाल सुजला तेव्हा इस्पितळात क्ष-किरणांचा फोटो काढला. दाढेला तिसरं मूळ निघालं, मागे दडलेलं, आकड्यासारखं वाकलेलं. फोटो घेऊन महिपतरावांकडे गेले. मला वाटलं, आता तरी माफी मागतील. त्यांनी टाळी वाजवली! "असं मूळ क्वचित बघायला मिळतं!" म्हणत फूलबागेत फिरायला येणाऱ्या मित्रांना फोटो दाखवला, आणि परवा दोन डॉक्टर बोलावून त्यांच्यापुढे माझा जबडा उघडला. मी कळवळले, तर म्हणाले, "जरा थांबा, यांना नीट दिसत नाहीये." वनमाला शेजारीच होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बस झालं. बाजूला व्हा."

टांग्यात ती म्हणाली, "आई, तुझे डोळे गळत होते. त्यांनी फक्त मूळ पाहिलं. मी यांच्याशी लग्न करणार नाही."

मी रागवायला हवं होतं. रागावले नाही, घर येईपर्यंत पोरीचा हात मात्र सोडला नाही.

तुझी,
विजया

ता. क. तेव्हा स्थळाला नकार तूच कळव. मध्यस्थ तू आहेस, आणि तुझा जबडा धड आहे.

पुन्हा ता. क. मात्र एवढ्यात नको. ते वाकडं मूळ साफ व्हायचं अजून बाकी आहे, आणि अख्ख्या लष्करात हे काम जाणणारा दुसरा माणूस नाही. गुरुवारपर्यंत ते आपले जावई आहेत.