डब्यातला सावलीचा रंग

बाई, मी मंडळ सोडलं. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून पहिलं हेच विचारलं असतंत, "आता काय सोडलंस?" कारण सोडण्याच्या बाबतीत माझं नाव आहे. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेही सरांशी भांडून. आता बदलापूर पश्चिमेला एका दुकानात फ्लेक्स डिझाइन करतो. वाढदिवसवाल्यांचे चेहरे गोरे करून देतो. तुम्हाला आवडलं नसतं, पण काम चोख करतो. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो, आज चोवीस पूर्ण आहेत. मधल्या वर्षांत माझ्या हातून एकच गोष्ट कधी सुटली नाही, ती म्हणजे रांगोळी. उल्हासनगर ते बदलापूर माणसाचा चेहरा रांगोळीत माझ्याइतका हुबेहूब कोणी काढत नाही. हे मी फुशारकीनं नाही, माहिती म्हणून सांगतोय. एक जण आहे, तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले उतरतात. तिचं पुढे येईलच.

मांजर्लीतलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. भिंतीवर पुराच्या पाण्याची पिवळी रेघ, तिच्या वरच्या फळीवर रंगांचे डबे. तुम्ही जमिनीवर बसून मलमलच्या फडक्यातून रांगोळी चाळताय आणि गॅसवर डाळ उतू जातेय. मी आठवीत आहे. तुमच्या मागच्या खोलीत आपल्या हीरोचा चेहरा काढलाय, तीन तास खपून. वर्गातला एक जण दारातून डोकावतो आणि म्हणतो, "नाक बटाट्यासारखं झालंय रे." मी उठतो आणि लाथ मारतो. त्याला नाही, रांगोळीला. तुम्ही डाळ तशीच ठेवून आलात. ओरडला नाहीत. पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या हातात दिलात. "गोळा कर. कण न् कण. ज्यानं काढली त्यानं गोळा करायची, आणि ज्यानं बिघडवली त्यानं तर करायचीच. इथे दोन्ही तूच आहेस, गाढवा." तासभर मी फरशीवर सरपटत होतो. सगळे रंग एकात एक मिसळून करडा-जांभळा असा काहीतरी झाला. मी म्हटलं, "ही राख फेकून देऊ?" तुम्ही श्रीखंडाचा रिकामा डबा पुढे केलात. "राख नाही ती. हनुवटीखाली, नाकाच्या कडेला हाच रंग लागतो. नुसता काळा टाकलास की माणूस मेल्यासारखा दिसतो. ठेव, तुला दिला." तेव्हापासून प्रत्येक चेहरा पुसला की उरलेलं मी त्याच डब्यात भरत आलो. दुकानात असला रंग मिळत नाही.

मंडळ म्हणजे त्याच हीरोच्या चाहत्यांचं. उल्हासनगरात कॅम्प चारला जीन्सच्या कारखान्यावरची खोली. आम्ही पाच जण रांगोळीवाले, बाकी पोरं ढोल, हार, वह्यावाटप, रक्तदान बघायची. पिक्चर लागला की थिएटरच्या दारात आमची रांगोळी. तिकीट न काढलेल्या बायकासुद्धा पोरांना घेऊन बघायला यायच्या आणि वाट सोडून कडेनं जायच्या. ‘रांगोळीवाले चाहते’ म्हणून ओळख होती. मघाशी म्हटलं ती याच पाचांतली, अंबरनाथची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुझ्या सावल्या भारी आहेत, पण डोळे दगडाचे वाटतात." त्या दिवसापासून मी कामातून गेलो, बाई.

मग हीरोचा नवा पिक्चर आला. एका कॉलेजच्या मुलीनं व्हिडिओ टाकला, की मध्यंतरानंतर झोप येते. एवढंच बोलली ती. मंडळाच्या पेजचा पासवर्ड आम्हा रांगोळीवाल्यांकडेही होता, फोटो टाकायला. त्या व्हिडिओखाली मंडळाच्या नावानं कुणीतरी लिहिलं, ‘घर माहीत आहे तुझं.’ मग बाकीचे तुटून पडले. काय काय लिहिलं ते तुमच्यासमोर लिहिणार नाही. मुलीनं व्हिडिओ काढून टाकला. आठवड्याभरात आम्ही रांगोळीवाले राहिलो नाही, ‘ते धमक्या देणारे’ झालो. रंगाच्या दुकानातला माणूससुद्धा मला पुडी देताना म्हणाला, "भाई, तुमच्यापासून लांब राहिलेलं बरं."

अध्यक्ष मात्र खूश होता. खोलीवरच्या बोर्डावरचं रांगोळीचं कमळ काढून त्यानं मूठ लावली. आम्हा पाचांना बोलावून म्हणाला, "पब्लिक घाबरतंय आपल्याला, मस्त ना! पुढच्या रांगोळीत डोळे लाल पाहिजेत. एकदम खुन्नस."

ती उठली. "माझं नाव काढा यादीतून."

"अरे, मजाक करतोय."

"मी नाही करत. त्या मुलीला ज्या नावानं धमकी दिली, त्या नावाखाली मी चिमूटभर रंग टाकणार नाही."

"जाओ फिर. फ्लेक्स लावू. रांगोळी आता बघतो कोण?"

मी टेबलावर हात आपटून त्याला काय वाटेल ते बोललो. आवाज माझाच मोठा होता. पाचही जण बाहेर पडलो. जिन्यात ती थांबली, इतर तिघं पुढे गेले. खालून शिलाई मशिनांचा आवाज येतोय आणि ती माझ्याकडे अशी बघतेय, जशी दोन वर्षांत एकदाही बघितली नव्हती. म्हणाली, "तू बोललास ते बरं वाटलं. आपण पाच जण वेगळं काम करू. तू आहेस ना?"

बाई, मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "ते मी लिहिलं होतं."

"काय?"

"घर माहीत आहे. ते मीच."

ती एक पायरी खाली उतरली. "माहीत होतं तिचं घर?"

"नाही."

"मग का लिहिलंस?"

"डोकं फिरलेलं. तू दिवसभर रिप्लाय दिला नव्हतास."

"म्हणजे माझ्यामुळे?" आता तिचा आवाज जिन्यात घुमायला लागला. "फोन दुरुस्तीला टाकलेला माझा, येड्या! आणि नसता टाकला तरी? मी बोलले नाही म्हणून तू दुसऱ्या मुलीला घाबरवणार?"

ती गेली.

पहिल्यांदा वाटलं, त्या मुलीचा पत्ता शोधून घरी जाऊन माफी मागावी. बूटसुद्धा घातले. मग डोक्यात आलं, की घर माहीत आहे असं लिहिणारा खरंच दारात उभा राहिला, तर ती काय समजेल? बूट काढले. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसकट लिहिलं, की ती धमकी मी दिली होती, तिचं घर मला माहीत नाही, पिक्चरबद्दल तिचं मत तिचं आहे, मी चुकलो. त्या मुलीला वेगळा मेसेज केला नाही. मंडळाच्या पोरांनी मला गद्दार म्हटलं, बाकीच्यांनी गुंड म्हटलं. गुंड बरोबरच होतं. मी पोस्ट काढली नाही, अजून आहे. अंबरनाथहून एकच शब्द आला, ‘वाचलं.’

महिन्यानं फोन. "तुझ्याकडे बारीक चाळणी आहे ना? रविवारी वांगणीला ये. शाळेतल्या मावशी रिटायर होतायत, त्यांचा चेहरा काढायचाय. डोळे मी काढणार. तू फक्त सावल्या."

गेलो. मावशींच्या गालाखाली, पदराच्या घडीत, तुमचा डबा वापरला. चेहरा असा उठला, की मावशी स्वतःलाच नमस्कार करून मोकळ्या झाल्या. त्या डब्यात आमच्या हीरोचे सगळे चेहरे मिसळलेले आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी तिनं पुठ्ठा माझ्यापुढे टाकला, "चल, गोळा कर." दुसरा पुठ्ठा घेऊन ती पलीकडून बसली. तुमचा नियम मी तिला कधी सांगितला नव्हता. विचारलं, तर म्हणाली, "मग काय, झाडूनं लोटायची?" डबा काठोकाठ भरला. पुढच्या महिन्यात परत काम आहे आणि एक दिवस मीही डोळे काढीन. ते येतीलच मला.

एक सांगायचं राहिलं, बाई. हे पत्र मी तुम्हाला म्हणून लिहायला घेतलं, पण मनात होतं, की सहज विसरल्यासारखं चाळणीखाली ठेवायचं आणि तिनं ते वाचायचं. पहिल्या कागदावर तर अध्यक्षासमोर तिच्या आधी मीच उठलो, असं लिहिलं होतं. तो फाडला. हा आता कुणालाच दाखवणार नाही.