थंडी उतरली की येतो

आबा,

आईला जाऊन आता वर्ष होत आलं. शेवटी ती सांगलीत दादाकडंच होती आणि मी रजा काढून तिच्याजवळ येऊन राहिले होते. तिचं सगळं नीट झालं. घरची माणसं भोवती होती, ज्याला जे बोलायचं ते बोलून झालं होतं. चमच्यानं तिला पाणी पाजताना तुमची आठवण यायची आणि आठवणीपेक्षा राग जास्त यायचा. तो कशाचा ते तुम्हांलाच सांगायला हवं, कारण आमच्या इथल्या, इंग्लंडातल्या घराबाहेर ते कुणालाच ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. इंग्लंडात येऊन मला बरीच वर्षं झाली होती, आणि दर पत्रात ‘आबा, एकदा येऊन जावा’ असं मी लिहायचे. तुम्ही दरवेळी काहीतरी सांगून टाळायचात. लष्करातून परत आल्यावर रहिमतपूरचं रान सोडून तुम्ही कुठं गेलाच नव्हता. त्या वर्षी मात्र तुम्ही स्वतःहून कळवलंत की दसरा झाल्यावर येतो, ऊसतोड सुरू व्हायच्या आत परत जाईन. आई म्हशीपायी मागं राहिली. मला इतका आनंद झाला की तुम्हांला आताच का यावंसं वाटलं, हे विचारायचं सुचलंच नाही. विमानतळावर तुम्ही कानटोपी घालून, ताठ चालत बाहेर आलात, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, बघा, आमचे आबा अजून परेडवरच आहेत. जवळ आल्यावर कोटाच्या आत तुम्ही किती थोडे उरला होता ते हाताला लागलं.

आमचं घर लहान. खाली स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागं हातरुमालाएवढी जमीन. मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते, दुपारी सुटायचे. घरी यावं तर तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले, आणि समोर सोललेल्या लसणाचा ढीग. एवढा लसूण काय करायचा, असं मी म्हटलं की तुम्ही म्हणायचात, “बसून खायाचं मला जमत न्हाई.” एकदा मागच्या जमिनीत कुदळ मारून तुम्ही मातीचं ढेकूळ आत घेऊन आलात, चुरगाळून बघितलंत आणि म्हणालात, “माती लय काळी हाय. पर ऊब न्हाई हिला.” मी भाकरी करते आहे. इथल्या पिठाची भाकरी थापताना फाटते, आणि तुम्ही ती दुधात कुस्करून घेता, चमच्यानं नुसती ढवळत बसता. मी पाठ वळवली की ताटली सारून ठेवता. हे दिवस आठवतात तेव्हा मला तुमचं बोलणं कमी आणि ते ढवळणंच जास्त आठवतं.

पट्ट्याला तुम्ही खिळ्यानं नवीन भोक पाडून घेतलेलं ह्यांनी बघितलं आणि आम्ही तुम्हांला दवाखान्यात नेलं. तिथून मोठ्या दवाखान्यात. तपासण्या झाल्या, आणि एका सकाळी आपण दोघं त्या डॉक्टरीणबाईच्या खोलीत बसलो. दुभाषी म्हणून त्यांनी जी बाई बोलावली होती तिला गुजराती येत होतं. म्हणून मग मीच. डॉक्टरीण वयानं माझ्याएवढी. तिनं आधीच मला बजावलं की इथं रोग्याला सगळं सांगतात, मी म्हणते तेवढंच आणि तसंच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

ती बोलत गेली आणि मला शब्दच मिळेनात. ‘यकृत’ हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचलेला, आपल्या घरात तो कधी कुणाच्या तोंडी आलेला नव्हता. तुमच्यासमोर कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून गावाकडची बोली आपसूक बाहेर पडली.

“आबा, पोटात गाठ हाय. ती काळजात पसरलीया.”

“काळजात म्हंजे? बकऱ्याची कलेजी असतीया, तिथं?”

“व्हय.”

“काढत्यात का?”

मी विचारलं. ती डॉक्टरीण माझ्याकडं न बघता तुमच्याकडं बघत ‘नाही’ म्हणाली. ते सांगायची गरजच राहिली नाही. तुम्ही कानटोपी काढून मांडीवर ठेवलीत. मग म्हणालात, “तिला म्हणावं, सरळ सांगितलंस, बरं केलंस.” आणि माझं तोंड बघून हळूच, “हितं रडू नगंस. परकी बाई हाय.” तेव्हा कळलं की तुम्ही घरून निघतानाच निम्मंअर्धं ओळखून निघाला होता. पोरीला एकदा भेटून यावं एवढ्यासाठीच आला होता. सांगितलं मात्र कधीच नाहीत.

त्यानंतर तुमचा एकच धोशा होता. मला रहिमतपूरला न्या. आम्ही तिकीट अलीकडं घ्यायला धडपडलो. विमान कंपनीला डॉक्टरांची परवानगी हवी होती, आणि तोवर तुमच्या पोटात पाणी भरायला लागलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, एवढा प्रवास यांना झेपायचा नाही, मी परवानगी देणार नाही. ह्यांनी दुसऱ्या डॉक्टरला विचारून बघितलं, त्यानंही तेच सांगितलं. मी म्हटलं, मग आईला बोलावू. तुम्ही हसलात. “तिचा पासपोर्ट कवा निघायचा? तंवर मी ऱ्हातोय व्हय?” आणि मग ते सांगितलंत. “तिला काय कळवायचं न्हाई. दादाला बी न्हाई, तेच्या तोंडावर लगीच दिसतंय. ती तिथं एकटी काय करंल? येता येत न्हाई, जाता येत न्हाई. नुसती भिंतीकडं बघत बसंल.”

मी भांडले. त्या टेबलाशी, आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्यापुढं आवाज चढवला. म्हटलं, तिला कळायला पाहिजे, तो तिचा हक्क आहे. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, “माझं मरण हाय. मी सांगीन तसं.”

आईचा फोन म्हणजे आधी रहिमतपुरात एसटीडीवाल्याला फोन करायचा, त्यानं कुणाला तरी पाठवून तिला घरून आणायचं, आणि मग आपण पुन्हा लावायचा. दर रविवारी सकाळी तुम्ही दाढी करून फोनपाशी बसायचात. शेवटी शेवटी दाढी मी करून द्यायची. तुम्ही दोघं त्याआधी कधी फोनवर बोलला नव्हता, त्यामुळं दोघंही ओरडून बोलायचात, आणि मला पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

“आवं, कवा येताय?”

“येतो की. हितं थंडी लय हाय. थंडी उतरली की येतो.”

“खोकला हाय का?”

“न्हाई. बरा हाय. ऊसतोडीची टोळी आली का?”

“आली. खालचं रान तुटलं.”

“उसाचं पाचट जाळू देऊ नगंस. तसंच कुजू दे रानात.”

“व्हय. म्हस आटलीया.”

“आटंल न्हाईतर काय. पेंड घाल.”

दर रविवारी हेच. ऊस, पाचट, म्हैस. फोन ठेवल्यावर तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडायचात. एका रविवारी मी मुद्दाम खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. वाटलं, मी नसले तर काहीतरी बोलाल. तुम्ही विहिरीच्या मोटारीबद्दल बोललात. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्हांला फोन धरता आला नाही. मी आईला सांगितलं की आबा झोपलेत. ती म्हणाली, “झोपू दे. थंडीचं अंग जड व्हतं.” तुम्ही गेलात तेव्हा बाहेर बर्फ होतं. तुम्हांला अग्नी कुणी दिला असं सांगू? इथल्या दहनगृहात ह्यांनी भिंतीवरचं एक बटण दाबलं.

अस्थी घेऊन मी गावी आले. दादाला, आईला सांगितलं की आजार फार उशिरा कळला, मग हाताशी वेळच राहिला नाही. दादा रडला. आई रडली नाही. अस्थी कृष्णेत सोडून आल्यावर मी चुलीपाशी तिच्याजवळ बसले होते, तेव्हा तिनं विचारलं, “तेंला ठाऊक व्हतं का गं?”

मी म्हटलं, “न्हाई.”

तिनं चुलीतली लाकडं आत सारली. मग म्हणाली, “मग ठीक हाय. मी आपली म्हशीचं सांगत बसले, ते पाचटाचं सांगत बसले. ठाऊक असून तसं बोलले असते व्हय ते माझ्यासंगट?”

त्यानंतर ती खूप वर्षं जगली, आबा. त्या एका ‘न्हाई’वर जगली. शेजारणींना सांगायची, आमच्या ह्यांना अखेरपतूर काय कळलंच न्हाई, येतो म्हणत म्हणत गेले. तिचं समाधान मला बघवायचं नाही. दर खेपेला गावी जाताना ठरवायचे की ह्या वेळी सांगायचं, आणि तिच्यासमोर बसलं की पावसापाण्याचंच विचारत राहायचे. ती एकटी काय करील म्हणून तुम्ही लपवलंत. तिला कळलं असतं तर ती काय बोलली असती, हे तुम्हांला ऐकायचं नव्हतं का? की तुम्हांलाच काही बोलावं लागलं असतं, त्याची भीती होती? आता विचारायलाही कुणी नाही. ती गेली ती तुमच्याशी मनातला एक शब्दही न बोलता गेली, असंच मला वाटतं, आणि याला आता काही उपाय नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मी आधी आईलाच लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि थांबले. पुढं लिहायचं तर ‘आबांना ठाऊक होतं’ हे तिला लिहावं लागलं असतं. तो कागद मी फाडला, आणि दुसऱ्या कागदावर तुमचं नाव घातलं.