उरलेली अर्धी गोळी

एल पासो, रविवार

प्रिय ओफेलियाताई,
ग्वादालुपेच्या मारिया माउलीची छाया तुझ्यावर राहो. गुडघा कसा आहे?

फाउस्टिनोचं डायलिसिस नीट चाललंय. पायांच्या तळमळीवरची गोळी मात्र, मूत्रपिंडं निकामी, म्हणून अंगातच साचायची आणि त्याला गुंगी चढायची. परवा जेवणाआधीची प्रार्थना म्हणता म्हणता तो राजम्याच्या ताटावरच पेंगला. जाग आल्यावर मला म्हणतो, "नर्सबाई, तुमच्यापेक्षा माझी बायको बरं रांधते." मी हसले.

डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आता मला ओळखतो, पण पाय आपटत रडतो. आज जपमाळ घेऊन शेजारी बसले, तर म्हणाला, "म्हातारे, देवाला राहू दे. ती उरलेली अर्धी दे."

टाकून द्यायला जीव झाला नाही, म्हणून ठेवली होती. ताई, देऊ का गं?

तुझीच धाकटी,
एउलालिया