बाराव्या मजल्यावरचं मिठागर

२ नोव्हेंबर
उरणला एकदाच्या आलो, मी आणि माझी सहा वर्षांची प्राप्ती. बारावा मजला, दोन बेडरूम, पांढरीशुभ्र फरशी, खाली पोहायचा तलाव, समोर खाडी. भाडं बत्तीस हजार, मेंटेनन्स साडेचार, डिपॉझिट दीड लाख, वर एजंट प्रज्योतला एक महिन्याचं भाडं. सहा महिन्यांच्या आत सोडलं तर डिपॉझिट बुडालं. बंदरातल्या नोकरीचा निम्मा पगार इथंच जाणार. जाऊ दे. घटस्फोटानंतर दीड वर्ष भावाच्या हॉलमध्ये काढलं, वहिनीची तोंडं बघत. आता लेकीला स्वतःची खोली आहे. आज मी फार खूश आहे.

५ नोव्हेंबर
कामाला ठमाबाई मिळाल्या. त्यांचं मिठागर याच टॉवरखाली गेलं. मीठ धरायच्या आधी सगळं घर हातात हात धरून, ओळीनं मिठागराचा तळ पायांनी तुडवून कडक करायचं, असं सांगत होत्या. "आमचे मानसांचं पाय चितेवर जलत नाय, बाय. मिठानं दगर होतान. मंग ते इथंच पुरायचं." मी हसण्यावारी नेलं.

९ नोव्हेंबर
भरतीच्या वेळी हॉलमध्ये पावलं उमटली. मिठाची, ओळीनं. पुसून काढली. प्रज्योत म्हणाला, खाडीकाठच्या घरात खार येतोच.

१४ नोव्हेंबर
भरती आली की प्राप्ती हॉलमध्ये पाय आपटत फिरते, दोन्ही हात कुणी धरल्यासारखे ताणून. तळवे पांढरे, टणक झालेत. चिमटा काढला, तिला कळलाच नाही. ठमाबाई म्हणाल्या, घर आजच सोडा, तिला ओळीत घेतलीय. दीड लाखांवर पाणी सोडून जाऊ कुठं? परत वहिनीच्या दारात? महिनाअखेरीस पगार झाला की बघू.

१७
गुडघ्यापर्यंत. डॉक्टरांना काही कळेना. चुकलं माझं. त्याच दिवशी निघायला हवं होतं.

१८
बॅगा भरल्या. प्राप्तीला उचलायला गेले — फरशीवरून हलेना. ठमाबाई दारातूनच परत गेल्या. आत आल्या नाहीत.

१८, भरती
ती तुडवतेय. रडत नाही. माझ्याकडे बघतही नाही, फक्त हात पुढे केलाय. एकटी कशी सोडू तिला? डावा हात दिला. उजव्यानं लिहितेय. पायांना फरशीचा गारवा लागेनासा झाला —

उजव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलंय. माझा हात मा—