चौथा आवाज

११ जुलै २०२५, शुक्रवार
ही वही लपवून ठेवायची गरज नाही. घरात वाचणारं कुणी नाही.

बी.ए. (संगीत) होऊन दोन महिने झाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. अण्णा म्हणतात, आता खताच्या दुकानात काउंटरला बस, धवलदादाला मदत होईल. मी म्हणते, एम.ए. शेवटी ठरलं असं: सतरा ऑगस्टला साताऱ्यात वाद्यांशिवाय समूहगायनाची स्पर्धा आहे. नंबर आला तर एम.ए., नाही आला तर काउंटर. मी लगेच हो म्हटलं. अण्णांना काउंटरसाठी दुसरं कुणी शोधावं लागणार, याचं जरा वाईट वाटलं.

स्पर्धेत प्रत्येक आवाजाचं नोटेशन लिहून द्यायचं आहे. शहरातले ग्रुप ते नेटवरून उचलतात. मी कानाने उतरवणार. संकल्प: रोज पहाटे पाच ते नऊ.

१२ जुलै, शनिवार, सकाळी ९.४०
पहाट हुकली. कानाला विश्रांती लागते.

रात्री ९: दुपारी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात गेले. चातुर्मासात पलूसच्या आमच्या जैन बायका तिथल्या हॉलमध्ये रोज आरत्या म्हणतात. मंडळाची पेटी तीन वर्षांपूर्वी मिरजेला दुरुस्तीला दिली, आणायला कुणी गेलंच नाही. बायका याला गैरसोय समजतात. बाहेर याच प्रकाराला आ कापेला म्हणतात आणि तिकीट लावतात. खिडकीत, शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या बाजूला मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलं.

१४ जुलै, सोमवार
अर्ध्या स्पीडवर ऐकलं. चार स्वतंत्र आवाज आहेत.

पहिला, मूळ चाल. दुसरा, ज्यांना वरचा सा पोचत नाही त्यांचा. त्या गुपचूप खाली उतरतात आणि स्वतःला बेसूर समजतात. तिसरा, शालनआत्या, कायम एक ओळ मागे. आत्या कानातलं मशीन घरी विसरते. पाश्चात्त्य संगीतात हे मुद्दाम करतात.

चौथ्याने अंगावर काटा आला. सलग एकच खर्ज, पेटीवरच्या पांढरी पाचच्या किंचित वर. बावीस मिनिटांत कुठेही श्वास तुटत नाही. बायकांत असा खर्ज मी ऐकलेला नाही. कुणाचा असेल?

दादाला हेडफोन दिला. तो म्हणाला, "ह्यात गिरणीच लय आलीय की." युरियाची पोती रचणाऱ्याशी नादाबद्दल बोलू नये. यापुढे बोलणार नाही.

१५ जुलै, मंगळवार
आजच्या रेकॉर्डिंगमध्ये चौथा आवाज नाही. हजेरी तपासली. एकच बाई आली नव्हती: मनुबाई.

१८ जुलै, शुक्रवार
तीन दिवस शास्त्रीय पद्धतीने पडताळलं. मनुबाई असते तेव्हा चौथा आवाज असतो. आवाज थांबला की दोन मिनिटांत ती उठून जाते. खरा कलाकार गाऊन झाल्यावर रेंगाळत नाही.

ती आमच्या समाजातली नाही, मळ्यातून येते. खिडकीखाली रिकामा डबा घेऊन बसते. ओठसुद्धा हलत नाहीत. या तंत्राला किती वर्षं लागली असतील. आणि आमच्या बायका तिला एवढंच म्हणत आल्या, "जरा सरकून बस गं."

२३ जुलै, बुधवार
मनुबाईला साताऱ्याला येतेस का विचारलं. म्हणाली, "मी यून काय करू?" मी म्हटलं, इथे करतेस तेच. म्हणाली, "बसायचंच हाय न्हवं? मग चल की. कोरेगावला लेक दिलीया, येताना उतरंन तिच्याकडं."

हा विनय कॉलेजात शिकवत नाहीत.

४ ऑगस्ट, सोमवार
सांगलीहून कॉलेजच्या सरांचा फोन. त्यांना रेकॉर्डिंग पाठवलं होतं. बायकांना एकदा कॉलेजच्या हॉलमध्ये आणून गाऊन घे म्हणाले. मी नकार दिला. कलेला तिच्या जागेवरून उपटू नये. सरांना पुस्तकाबाहेरचं काही सुचवलं की ते फोन ठेवतात. ठेवला.

नोटेशन आज पूर्ण. चाळीस पानं ठरवली होती, अकरा झाली. चौथ्या आवाजाला अकराही पानांवर एक सा आणि पुढे रेघ. दिसायला साधं आहे. परीक्षकांना कळेल.

९ ऑगस्ट, शनिवार
शालनआत्या मला म्हणाली, "ब्राह्मे, मनूला कशापायी मधी उभी करतीस? ती कवा गायलीया?" शेजारी बसूनही कळलं नाही. मशीन लावलं तरी फरक पडणार नाही. मत्सर.

अण्णांना सांगून एम.ए.चा फॉर्म भरून ठेवला.

१७ ऑगस्ट, रविवार, परतीच्या गाडीत, संध्याकाळी ६
लिहून टाकते.

मनुबाईला मधल्या माइकसमोर उभं केलं. आधी चौथा आवाज एकटा लागणार, मग बाकीच्या त्यावर चढणार, असं ठरवलं होतं. मी हात वर केला. काही नाही. हात तसाच ठेवला. परीक्षक बाई पेनाचं टोपण काढून बसल्या होत्या, त्यांनी ते परत लावलं.

मग मनुबाई माइकमध्येच म्हणाली, "माझ्याकडं काय बघतीस बाय? मी दळण हुईस्तवर टेकते तितं. मला कुटलं गायला येतंय?"

सगळा हॉल हसला. शालनआत्याला हसणं ऐकू आलं नाही. तिला वाटलं सुरू झालं. तिने आरती धरली आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या एक ओळ पुढे गेली. बाकीच्या जमेल तिथून शिरल्या.

नंबर नाही. लेखी शेरा मिळाला: "चौथा आवाज ऐकू आला नाही."

मनुबाई कोरेगावला उतरली. खिडकीतून म्हणाली, "पर गाडी लय निवांत हुती." पंधरा जुलैला मंगळवार होता. मंगळवारी गिरणी बंद असते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार, दुकान
काउंटरला नववा दिवस. दादाने गिरणीवरून एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. दुकान गिरणीच्या समोर आहे, त्यामुळे चौथा आवाज दिवसभर.

सव्वाअकराला तो उतरला. थोडासाच, पण पांढरी पाचच्या खाली. अर्धा तास सहन केलं. मग जाऊन गिरणीवाल्या केरबांना सांगितलं. ते हसले. मग पट्टा बघितला. सैल पडला होता आणि कडेला चिरला होता.

दुपारपासून अण्णा दुकानात येईल त्याला सांगतायत, "पोरीचं शिक्षण केरबाला उपेगी पडलं बगा."

केरबांनी नवा पट्टा चढवला. मनुबाई डबा घेऊन पायरीवर बसली होती. तिने तिथूनच विचारलं, "आता सुरात हाय का गं?"

मी ऐकलं. होता.